ओटीतले तीन हजार

दिवाळी अंकासाठी बाईने लेख लिहायचा म्हणजे तो चकल्यांवर तरी असावा किंवा माहेरच्या आठवणींवर तरी, असा एक समज आहे. माझ्या या लेखात माहेर आहे, दिवाळी आहे आणि शोधलीत तर एक बर्फीही सापडेल. पण लेख आहे तो सरकारी कागदांवर. पोटात बाळ आणि हातात कागदांची पिशवी घेऊन मी २०२३ सालचा पावसाळा कसा काढला, त्याची ही हकीकत.

यात जगावेगळे काही घडलेले नाही. रांगेत माझ्यापुढे आणि माझ्यामागे माझ्यासारख्याच बायका उभ्या होत्या. त्यांच्यापैकी कुणी हे लिहिले नाही, म्हणून मी लिहिते आहे, इतकेच.

साड्यांचे दुकान सुटले

माझे सासर कराडजवळ आणि माहेर चिपळूणजवळ. मध्ये कुंभार्लीचा घाट. लग्नानंतर मी कराडला एका कापडदुकानात साड्या दाखवण्याचे काम करीत असे. सकाळी दहा ते रात्री आठ, उभ्याने. गिऱ्हाईक बसते, साडी गादीवर पसरते, विकणारी मात्र उभी. त्याचे काही वाटत नसे. दिवस राहिले आणि मग वाटू लागले. चौथ्या महिन्यात एकदा पैठण्यांची चळत काढता काढता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी गिऱ्हाइकाच्या शेजारीच मटकन बसले. मालक माणूस वाईट नव्हे. त्यांनी चहा मागवला, रिक्षा बोलावली आणि निघताना म्हणाले, "आता बाळंतपण होऊ दे. पुढचं पुढं बघू."

पगार त्या दिवसापुरता हिशेबाने हातावर ठेवला. भरपगारी रजेचा प्रश्नच नव्हता. त्या वेळी लागू असलेल्या १९६१ च्या प्रसूती कायद्याने पहिल्या बाळंतपणाला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळत असे; पण ती जिथे दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील अशा दुकानांत. आमच्या दुकानात झाडणारी मावशी धरून आम्ही सहाजण.

आमचे हे एका फाउंड्रीत ठेकेदाराकडे कामाला. त्या वर्षी काम मंद होते. महिन्यातले पंधरा दिवस भरले तरी नशीब. घरात सासू-सासरे आणि पंच्याऐंशीच्या घरातल्या आजेसासूबाई. शेत अर्धा एकर, तेही पावसाच्या भरवशावर. उपाशी कुणी नव्हते. पण दर शनिवारी डबे उघडून पाहावे आणि पुन्हा झाकण लावावे, असे दिवस आले होते.

कागदावरच्या तीन बायका

आमच्या वाडीच्या आशाताईंनी मला योजनेचे सांगितले. "वहिनी, पहिलटकरणीला पाच हजार मिळतात. तीन आता, दोन बाळाचे डोस झाल्यावर. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर सहा हजार एकदम. फॉर्म मी भरते, तुम्ही कागद तेवढे द्या."

प्रधानमंत्री मातृ वंदना योजना हे तिचे नाव. २०१७ पासून ती देशभर चालू झाली आणि १ एप्रिल २०२२ पासून तिचे नियम बदलले. पहिला हप्ता मिळण्यासाठी नाव नोंदवायचे आणि पाळीच्या शेवटच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत निदान एक तपासणी झालेली असली पाहिजे. यात अवघड काय? मीही असेच म्हटले.

कागद काढले तेव्हा कळले की, कागदांच्या दृष्टीने मी एक बाई नसून तीन बायका आहे. आधार कार्डावर माहेरचे नाव. दवाखान्याच्या माता-बाल कार्डावर आरोग्यसेविकेने विचारले तसे मी सांगितलेले सासरचे नाव. आणि रेशनकार्डावर मी अजून जन्मलेच नव्हते. लग्नाला दीड वर्ष होऊनही नाव चढले नव्हते. आशाताई म्हणाल्या, "आधारला जसं नाव तसंच सगळीकडं पाहिजे. आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचा, नाहीतर ई-श्रम कार्डाचा कागद पाहिजे."

आठ लाख! आमच्या ह्यांना हसू आले. पण नसलेल्या पैशाचाही दाखला लागतो. मग सेवा केंद्रात जाऊन ई-श्रम कार्ड काढले. दवाखान्यात जाऊन कार्ड पुन्हा लिहून घेतले. नवीन लिहिताना बाईंनी पाळीची तारीख ८ मार्चऐवजी १८ मार्च लिहिली. ती दुरुस्त करायला तिसरी खेप. एस.टी.त बायकांना त्याच वर्षी मार्चपासून अर्धे तिकीट झाले होते, तेवढी सोय. तरी अर्धे तिकीट सहा वेळा काढले की तीन तिकिटे होतात, हा हिशेब मला रांगेत उभे राहून करता येऊ लागला होता.

जुलैच्या अखेरीस अर्ज गेला. सोबत कराडच्या माझ्या खात्याच्या पासबुकाची झेरॉक्स जोडली होती. "महिन्याभरात येतील," आशाताई म्हणाल्या. "जरा पुढंमागं होईल. पोर्टल नवीन आलंय."

ऑगस्ट गेला. मी दर दोन दिवसांनी मोबाइल पाही. पुढे दिवसातून दोनदा आणि मग रात्री जाग आली की. बँकेत विचारले तर साहेब म्हणाले, "खातं आधारला जोडलेलं आहे की. आमच्याकडं काही अडलं नाही." तालुक्याच्या ऑफिसात विचारले तर उत्तर आले, "अर्ज पुढं गेलाय. पुढच्या आठवड्यात या." पुढच्या आठवड्यात गेले तर तेच साहेब, तेच वाक्य. रांग जिन्यावर. बाक एकच, त्यावर फायली. एकदा दोन तास उभी राहिले आणि जिन्यातच खाली बसले. मागची बाई म्हणाली, "बसू नका, नंबर जाईल." तिचेही सातवा-आठवा महिना भरत आलेले पोट होते. मी उठून उभी राहिले.

'काळजी करू नकोस'

सप्टेंबरात गौरी-गणपती झाले आणि माझे डोहाळजेवण झाले. सासूबाईंनी हौसेने झोपाळा फुलांनी सजवला, हिरवी साडी नेसवली. झाकलेल्या दोन वाट्यांपैकी मी उचललेल्या वाटीत बर्फी निघाली. "मुलगी!" म्हणून बायकांनी टाळ्या पिटल्या. मी हसले. आणि मनात हिशेब चालू होता की, एवढ्या बायकांच्या जेवणाला काय पडले असेल आणि ते कुठून आणले असेल.

त्या दिवसांत मी दोन गोष्टी लपवीत होते. एक म्हणजे दूध. डॉक्टरांनी दूध, अंडे, खजूर सांगितले होते. मी सासूबाईंना सांगितले, मला दुधाचा वास सहन होत नाही. खोटे होते ते. अर्धा लिटरचे पाव लिटर झाले, एवढाच त्यातला अर्थ. दुसरी गोष्ट शिलाईची. सगळे निजल्यावर मी शेजारणीकडून आणलेल्या साड्यांना फॉल लावीत बसे. सकाळी पाय सुजलेले असत.

बरे, मन मोकळे करावे तर ऐकणारा प्रत्येकजण म्हणे, "काळजी करू नकोस गं. बाळावर परिणाम होतो." किती प्रेमाने म्हणत! पण त्याचा परिणाम उलटा होई. आधी मला पैशाची एकच काळजी होती. आता मी काळजी करते याचीही काळजी लागली. बाळ जरा वेळ हलले नाही की वाटे, माझ्याच विचारांनी ते दमले असेल. रात्री पोटावर हात ठेवून मी त्याची माफी मागत असे. गरोदर बाईला सल्ला देणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे: काळजीचे कारण हलके करता येत नसेल, तर निदान काळजी करण्याचा दोष तरी तिच्या पदरात घालू नये.

घरातही एक ठिणगी पडली. मी चौथ्यांदा तालुक्याला निघाले तेव्हा हे एकदम म्हणाले, "त्या तीन हजारांसाठी दारोदार फिरायची काय गरज? मी काय तुला उपाशी ठेवलंय?" मी काही बोलले नाही. पण ते वाक्य लागले. कारण माझ्याही मनात तेच होते. रांगेत उभी राहताना मी पदर पुढे ओढून घेत असे, ओळखीचे कुणी भेटेल म्हणून. दुकानात मी गिऱ्हाइकांपुढे सहावारी झोकात उलगडणारी बाई. आणि इथे हात पसरून उभी. मागणे आणि भीक यांतले अंतर मला तेव्हा दिसत नव्हते.

९ ऑक्टोबरला तपासणी होती. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, ही पद्धत २०१६ पासून आहे. त्या दिवशी माझे रक्त ८.९ भरले आणि रक्तदाब १४४/९४. डॉक्टर तरुण होत्या, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी डावीकडे कुशीवर निजवून पुन्हा मोजला. तसाच आला. गरोदरपणी रक्त ११ च्या खाली गेले की कमी समजतात आणि रक्तदाब १४०/९० ला पोचला की लक्ष ठेवावे लागते, हे त्यांनी मला नीट समजावून सांगितले. डोके फार दुखले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, चेहऱ्याला-हाताला सूज आली, तर रात्र असो की दिवस, थेट दवाखान्यात यायचे. मग त्यांनी विचारले, "झोप लागते का?"

एवढ्या साध्या प्रश्नाने माझा बांध फुटला. मी सगळे सांगितले. दुधाचे, फॉलचे, ऑफिसातल्या जिन्याचे.

त्या म्हणाल्या नाहीत की काळजी करू नका. त्या म्हणाल्या, "रक्तदाब निव्वळ काळजीनं वाढतो असं नाही. त्याला औषध मी देते. लोहाची गोळी चहाबरोबर घेत असाल तर बंद करा, लिंबूपाण्याबरोबर घ्या. पण ह्या बाकीच्या दुखण्याला माझ्याकडं गोळी नाही. ते घरी सांगा. आजच सांगा."

आजींची रिळे

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितले. सासूबाईंना वाईट वाटले ते दुधाचे. "अगं, मला मेलीला खरंच वाटलं, वास येतो म्हणून," असे म्हणून त्या उठल्या आणि त्यांनी दुसऱ्या दिवसाच्या चहाचे ठेवलेले दूध तापवून माझ्यापुढे आणून ठेवले. हे मान खाली घालून बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "सरकारकडं हात पसरायला नको वाटतं, म्हणून बोललो."

कोपऱ्यात आजी वाती वळीत होत्या. त्यांना ऐकू कमी येते, पण नको ते बरोबर ऐकू येते. त्या म्हणाल्या, "हात पसरायचं काय त्यात? मी परळला गिरणीत व्हते. रिळं भरायला. तुझ्या बापाच्या येळंला मी बाळंतपनाचं पैसं घेतल्यात. कामगार विम्याच्या हापिसात आंगठा लावून. पोटावर हात ठिवून हुभी राहिले आन् घेतलं."

"लाज नाही वाटली, आजी?" मी विचारले.

"लाज कसली? मी काय फुकट बसून बाळंत झाले व्हते? आठव्या म्हैन्यापातूर रिळं भरली. आन् प्वार काय मी एकटीसाठी काढलं? त्यो बी पुढं गिरणीतच गेला की. कामाला मानूस लागतो ना त्यास्नी? मग मानूस करनारीला पैसं नकोत?"

इतके बोलून त्या पुन्हा वाती वळू लागल्या. सासरे हसत होते. ज्याच्या जन्माचे पैसे घेतले तो मनुष्य त्रेसष्ट वर्षांचा होऊन समोर बसला होता.

आजींना कायदे ठाऊक नाहीत. मी नंतर ते वाचून काढले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाचे पैसे द्यावेत, असे विधेयक आले. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले होते. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारनेही उचलायला हवा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे १९४८ चा कामगार विम्याचा कायदा आला, १९६१ चा प्रसूती कायदा आला. पण हे सारे नोकरी असणाऱ्या बायकांसाठी. घरी, शेतात, सहा माणसांच्या दुकानात राबणाऱ्या बायकांसाठी उजाडायला २०१३ साल लागले. त्या वर्षीच्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या प्रत्येक आईला निदान ६,००० रुपये मिळण्याचा हक्क लिहिला गेला. सरकारी नोकरीतल्या आणि दुसऱ्या कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या बायका तेवढ्या वगळल्या. हातात येतात ते पहिल्या खेपेला ५,०००, तेही दोन हप्त्यांत, ही गोष्ट निराळी. पण शब्द 'हक्क' असा आहे. 'मदत' असा नाही, 'दया' असा तर नाहीच नाही.

हे सगळे वाचले ते पुढे. त्या रात्री मात्र आजींच्या चार वाक्यांनी काम केले. रक्तदाब त्या रात्री उतरला की नाही, ठाऊक नाही. पण मी पहाटेपर्यंत निजले.

पुरात गेलेले पासबुक

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामाची वाटणी केली. फॉल बंद. तालुक्याला जायचे ते ह्यांनी, सुटीच्या दिवसांत. माझा अंगठा किंवा मोबाइलवरचा आकडा लागणार असेल तेव्हाच मी जायचे. तेही सासूबाईंना बरोबर घेऊन, पाण्याची बाटली, दोन शेंगदाण्याचे लाडू आणि घडीचे स्टूल घेऊन. त्या स्टुलाला ऑफिसात लोक हसले. हसू देत. तिसऱ्या खेपेला आणखी दोघींनी तसली स्टुले आणली होती.

आशाताईंनी एक युक्ती सांगितली. "पैसे कधी येणार, असं विचारू नका. त्याला 'पुढच्या आठवड्यात' हेच उत्तर असतं. अर्ज आज नेमका कुठं आहे आणि कशासाठी थांबलाय, ते विचारा आणि उत्तर त्यांच्यासमोर वहीत लिहा." आम्ही दोनशे पानी वही केली. तारीख, कोणते ऑफिस, काय उत्तर मिळाले. वही काढली की बोलणाऱ्याच्या आवाजात फरक पडतो, हा आमचा अनुभव. रागाने बोलणारा जपून बोलू लागतो.

वहीच्या दुसऱ्याच पानावर कोडे सुटले. तालुक्याच्या साहेबांनी संगणकात पाहून सांगितले, "तुमचा कुठंच थांबलेला नाही. पहिला हप्ता गेलाय. २६ सप्टेंबरला."

गेला? कुठे गेला?

सेवा केंद्रातल्या मुलाने माझा आधार क्रमांक घातला, मोबाइलवर आलेला आकडा विचारला आणि पडदा माझ्याकडे वळवला. लाभासाठी जोडलेली बँक म्हणून तिथे चिपळूणच्या एका बँकेचे नाव होते!

मग आठवले. कॉलेजात असताना शिष्यवृत्तीसाठी मी तिथे खाते उघडले होते. त्याचे पासबुक, माझी गुणपत्रके, आईची लग्नातली पैठणी हे सगळे २२ जुलै २०२१ च्या पुरात गेले. त्या दिवशी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि आमच्या घरात शिरले होते. पाणी उतरले तेव्हा कपाटात नुसता चिखल होता. पासबुक गेले, त्याबरोबर खातेही माझ्या मनातून गेले. पण संगणकाच्या मनातून काही जात नाही.

भगिनींनो, हा बारकावा नीट ध्यानात घ्या. कारण माझे सगळे हाल याच्या अज्ञानाने झाले. 'खाते आधारला जोडलेले आहे' या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, खाते उघडताना ओळख म्हणून आधार दिलेले आहे. दुसरा, सरकारी लाभ त्याच खात्यात यावेत अशी नोंद आहे. पहिला प्रकार कितीही खात्यांना चालतो. दुसरी नोंद एका वेळी एकाच खात्याची असते आणि पैसा तिकडेच जातो. तुम्ही अर्जाला कोणत्या पासबुकाची झेरॉक्स जोडली, हे तो पाहत नाही. कराडचे साहेब खोटे बोलले नव्हते. त्यांचे उत्तर पहिल्या अर्थाचे होते आणि माझा प्रश्न दुसऱ्या.

म्हणजे ९ ऑक्टोबरला मी डॉक्टरांपुढे रडले तेव्हा पैसे माझ्याच नावावर तेरा दिवस जमा होते. माझ्या डोहाळजेवणाच्या आठवड्यातच ते आले होते. ओटीत पडले होते, पण ओटी दुसऱ्या गावाला होती.

पंधरवड्याने तपासले तेव्हा रक्तदाब १२४/८० आला, रक्त थोडे चढले. डॉक्टरांनी माहेरी जायला परवानगी दिली. अट एकच, की तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचल्याबरोबर नाव घालायचे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया लागली तर तीही, औषधे आणि जेवण मोफत असते. ही सोय २०११ पासूनची आहे. ते मला त्यांच्याकडूनच कळले आणि डोक्यावरचे आणखी एक ओझे उतरले.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. त्याच्या आधीच्या आठवड्यात आई आणि मी बँकेत गेलो. दोन वर्षे व्यवहार नसल्यामुळे खाते निष्क्रिय झाले होते. अशा खात्यात सरकारचा पैसा येऊ शकतो, पण कागद नव्याने दिल्याखेरीज काढता येत नाही. मी कागद पुढे केले. सगळ्यांवर एकच नाव, एकच बाई! काउंटरवरच्या बाईंनी ते पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि आतून एक खुर्ची मागवली. इतक्या महिन्यांत कुठल्याही ऑफिसात मला मिळालेली ती पहिली खुर्ची.

तीन दिवसांनी तीन हजार रुपये हातात आले. त्यातून दूधवाल्याचे दिले, खजूर आणि डिंक आणला, अंड्यांची सोय केली, दुपट्यांसाठी मऊ सुती कापड घेतले आणि आजींसाठी एक लुगडे. लुगडे घेऊ नये, असे आई म्हणाली. हे पैसे पोषणाचे आहेत. मी म्हटले, "माझं पोषण त्यांनीही केलंय."

शेवटी चार गोष्टी

डिसेंबरात मुलगी झाली. वाटीतल्या बर्फीचे म्हणणे खरे ठरले, यात तिचा काही गुण आहे असे मी मानीत नाही. चौदा आठवड्यांचे डोस झाले, जन्माचा दाखला दिला आणि दुसरा हप्ता, २,००० रुपये, विनातक्रार आला. तो कुठे येणार, हे मला आता ठाऊक होते.

या सगळ्यातून मी काय शिकले, असे कुणी विचारले तर फार मोठे काही सांगता येणार नाही. नाव सगळ्या कागदांवर आधारसारखे एकच आहे ना, ते दिवस राहिल्याबरोबर पाहावे. लाभाची नोंद कोणत्या खात्याची आहे, ते अर्ज भरण्याआधी सेवा केंद्रात नाहीतर बँकेत विचारावे. ऑफिसात एकटीने जाऊ नये, आणि वही न्यावी. दिवसाला कागदाचे एकच काम, आणि दिवेलागणीनंतर त्या कामाचा विषय नाही, असा नियम आम्ही घातला होता. त्याने झोप परत आली. तपासणीला गेल्यावर पाय सुजतात हे जसे सांगतो तसेच झोप लागत नाही, रडू येते, हेही सांगावे. तेही दुखणेच आहे आणि लपवले की वाढते.

ऑफिसांतल्या बंधू-भगिनींनाही एक विनंती. तुमच्याकडेही कामाचे डोंगर असतात आणि संगणक तुमच्याही हातात नसतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण समोरची जर दोन जिवांची असेल, तर नियम सांगण्याआधी तिला बसायला सांगा. बाकावरच्या फायली उचलायला अर्धे मिनिट लागते.

आजी गेल्या वर्षी गेल्या. ते लुगडे त्यांनी एकदाच नेसले, पणतीच्या बारशाला. लेक आता दिवाळीत पणतीजवळ जाऊ नको म्हटले की नेमकी तिकडेच धावते.

परवा वसुबारसेच्या तयारीत असताना आमच्या आळीतली एक नवी सून कागदांची पिशवी घेऊन दारात आली. पदर पुढे ओढलेला, मान खाली. "वैनी, जरा विचारायचं होतं. पण तुमच्या कामाच्या वेळेला..."

करंज्यांचे पीठ तसेच ठेवून मी हात पुसले आणि पाट पुढे सरकवला. म्हटले, "आधी बस. दूध घेणार का? मग काढू कागद."